पंपाचे झटके मोजून ठेवा

बेळगावहून जांबोटी-कणकुंबीकडे सायकल काढली की डांबरावर टायर टणक लागतो. खानापूरच्या रानात लाल मुरमाच्या वाटेला वळलात की तोच टायर गोट्यांवरून चालवल्यासारखा सरकतो, पुढचं चाक वळणावर आधी घसरतं. तिथे टायर थोडा नरम हवा. हवा सोडणं सोपं, पण परतताना डांबरासाठी नेमकी किती भरायची? सोबतच्या छोट्या पंपाला दाब दाखवणारा काटा नसतो.

म्हणून हे घरीच करून ठेवा:

१. काटा असलेल्या मोठ्या पंपाने ४० मिमी रुंद टायरमध्ये ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरा. टायर अंगठ्याने दोन-चारदा दाबा, हाताला ती नरमाई ओळखीची होऊ दे. मुरमावर हवा सोडताना हाच अंदाज कामी येतो.

२. आता छोटा पंप लावून झटके मोजत भरा. दर २० झटक्यांनी मोठ्या पंपाच्या काट्यावर बघा. काट्यावर ५० पीएसआय दिसले की थांबा.

३. झटक्यांचा एकूण आकडा चिकटपट्टीवर लिहून पंपालाच लावा. माझा ६० येतो. तुमचा पंप वेगळा, तर आकडाही वेगळा.

परत डांबराला लागलात की तेवढे झटके मारा आणि निघा. अंदाजपंचे काही नाही.

ट्यूबचे टायर असतील तर मात्र हवा सोडताना ३० पीएसआयच्या खाली जाऊ नका. जांभ्या दगडाच्या धारेवर रिम आपटते, ट्यूब मध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. भीमगडाच्या रानाजवळ पंक्चरवाला मिळत नाही, फोनला रेंजही भरवशाची नसते.