पेसमेकर आणि मोबाइल: या चुका टाळा

पेसमेकर बसवलेला पेशंट तपासणीला आला की मी आधी त्याच्या शर्टाचा खिसा बघते. शर्टाला खिसा डावीकडे आणि पेसमेकरही बहुतेकांना डाव्या कॉलर बोनखालीच, म्हणजे फोन नेमका त्याच्यावर. डिस्चार्जच्या वेळी बजावून सांगितलेलं असतं, तरी तेच.

एका काकांना दुपारी आडवं झालं की धडधडायचं. बॅटरी ठीक, वायर ठीक. म्हटलं, घरी झोपता तसे झोपा. काका झोपले आणि क्रिकेट बघायला फोन छातीवर टेकवला. कव्हरच्या मागे चार्जिंगसाठीचं गोल मॅग्नेट! ईसीजीवर ठोके 62 वरून थेट 85, सगळे एकसारख्या अंतरावर. फोन उचलला, पुन्हा 62. मॅग्नेट अगदी जवळ आलं की पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके बघत नाही, ठरलेल्या वेगानं चालत राहतो. तो बिघडत नाही, पण आयसीडी, म्हणजे ठोके जीवघेणे बिघडले की शॉक देऊन ते ताळ्यावर आणणारं छातीतलं यंत्र, असेल तर प्रकरण गंभीर. मॅग्नेट वर आहे तोवर गरज पडली तरी तो शॉक देत नाही. आयफोन 12 बाजारात आल्यावर अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तो एका पेशंटच्या छातीवर धरून पाहिला, तर आयसीडीचं काम थांबलं. 2021 च्या जानेवारीत हे छापून आलंय.

15 सेंटीमीटर अंतर पुरतं. मी सगळ्यांना वीतभर सांगते, पट्टी कोण शोधणार? फोन उजव्या कानाला लावा आणि पँटच्या खिशात ठेवा.

याच्या उलट चूक मला जास्त छळते: घाबरून फोनच बंद करणं. शेजारणीचं ऐकून एका आजींनी फोन कपाटात टाकला. रात्री बाथरूममध्ये पडल्या आणि सकाळी कामवाली येईपर्यंत फरशीवर होत्या. आजी, फोन वापरायचा, फक्त छातीवर नको!

रेडिएशन अडवणारं स्टिकर म्हणजे पैसे पाण्यात. वायरलेस चार्जर उशाशी नको. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब उभं राहा; मायक्रोवेव्ह खुशाल वापरा. मॅग्नेटच्या गाद्या-पट्टे विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मॉलच्या दारातल्या चोरी पकडणाऱ्या गेटमधून सरळ चालत जा, तिथं गप्पा मारत उभं राहू नका. विमानतळावर पेसमेकरचं कार्ड दाखवा.

फोन जवळ असताना चक्कर आली किंवा धडधडलं, तर आधी तो लांब ठेवा. तरी थांबलं नाही तर व्हिडिओ शोधत बसू नका, कार्ड घेऊन लगेच हॉस्पिटल गाठा.