थीम केकची योग्य किंमत कशी ठरवावी? घरून केक करणाऱ्यांसाठी हिशेबाची पद्धत

घरून केक करणाऱ्या व्यक्तीला फोनवर पहिला प्रश्न बहुधा एकच विचारला जातो: ‘किलोला काय भाव?’ साध्या पाइनॅपल किंवा ब्लॅक फॉरेस्ट केकसाठी हा प्रश्न रास्त आहे, कारण त्यात साहित्य आणि मेहनत दोन्ही वजनाबरोबर वाढत जातात. पण बाळाच्या पहिल्या वाढदिवसासाठी हत्ती, सिंह आणि जिराफ बसवलेला जंगलाचा केक हवा असेल, तर त्या केकमधला सर्वांत महाग भाग तराजूत येतच नाही, कारण तो करणाऱ्याच्या हातांनी घालवलेल्या तासांमध्ये असतो. ब्लाउज शिवायला टाकताना शिंपी कापड किती मीटर आहे यावर शिलाई सांगत नाही. अस्तर लावायचे का, पायपिंग हवे का, मागचा गळा कसा हवा, हे विचारून मगच तो दर सांगतो. थीम केकची किंमतही तशीच ठरली पाहिजे. म्हणून वहीत सर्वांत आधी लिहायची गोष्ट मैदा-साखरेचा खर्च नसून स्वतःचा वेळ आहे, असे माझे ठाम मत आहे.

आधी वेळ मोजावा

सलग तीन-चार ऑर्डरींसाठी घड्याळ लावून प्रत्येक कामाला लागलेला वेळ लिहून ठेवावा. अंदाजाने लिहू नये, कारण अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा जुलै महिना होता. फॉन्डंटचा, म्हणजे कणकेसारख्या मळता येणाऱ्या साखरेच्या गोळ्याचा, हत्ती करायला चाळीस मिनिटे लागतील असे मी धरले होते. सोंड आणि पाय व्यवस्थित झाले, पण कान लावल्यावर दमट हवेमुळे ते अर्ध्या तासात खाली लोंबू लागले. मग फॉन्डंट कडक वाळावे म्हणून त्यात सीएमसी ही खाण्याची पावडर मळून नवे कान लाटले, चमच्याच्या पोटावर ठेवून रात्रभर वाळू दिले आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचे एक बोट लावून चिकटवले. वहीत त्या एका हत्तीसमोर एक तास वीस मिनिटे लिहावी लागली.

वेळ मोजताना केवळ सजावट मोजून थांबू नये. ग्राहकाशी डिझाइनबद्दल झालेले बोलणे, बाजारात जाऊन रंग आणि बोर्ड आणणे, टिनला बटर पेपर लावणे, क्रीमने माखलेली नोझल आणि भांडी घासणे, शेवटी केक डब्यात बसवणे ही सगळी कामे त्या केकचीच आहेत. स्पंज ओव्हनमध्ये असतानाची पस्तीस-चाळीस मिनिटे मात्र मी मोजत नाही, कारण त्या वेळात घरातले दुसरे काम होते.

येथे ग्राहकाच्या बाजूनेही एक पथ्य पाळावे. एखादा प्राणी आयुष्यात पहिल्यांदा करताना पाच तास लागले आणि सरावानंतर तोच तीन तासांत होणार असेल, तर हिशेबात तीनच तास धरावेत. शिकण्याचा खर्च आपला असतो आणि तो एकाच ग्राहकाच्या माथी मारणे योग्य नाही.

तासाचा दर ठरवावा

दर ठरवताना आपल्याच गावात कसबाच्या कामाला काय मिळते ते पाहावे. शिवणकाम, मेंदी, घरी येऊन स्वयंपाक करून देणे, बेकरीतल्या सजावट कारागिराचा पगार, यांपैकी जे आपल्या कामाच्या जवळचे असेल त्यावरून दर तासाची रक्कम काढावी. सुरुवात करणाऱ्याने खालच्या टोकाला राहावे, पण शून्यावर राहू नये. ‘घरीच तर असते, माझ्या वेळेचे काय पैसे लावायचे’ हा विचार मी अनेक मैत्रिणींच्या तोंडून ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी त्याचे वाईट वाटले आहे. रात्री एक वाजता कंबर धरून सिंहाची आयाळ लावणे हे कामच आहे, मग ते घरात होवो की दुकानात. पुढच्या उदाहरणात मी तासाला 150 रुपये धरले आहेत.

साहित्य ग्रॅममध्ये लिहावे

‘अर्धे पाकीट क्रीम, थोडा कोको’ अशा नोंदीतून किंमत निघत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्रत्येक जिन्नस तोलावा, पाकिटावरच्या किमतीवरून ग्रॅमचा भाव काढावा आणि दोन्हींचा गुणाकार करावा. एकदा हा तक्ता मोबाइलमध्ये केला की पुढे फक्त भाव बदलावे लागतात.

अंडाविरहित चॉकलेटचा एक किलोचा जंगल केक घेऊ. भाव गावोगावी वेगळे असतील, म्हणून आकड्यांपेक्षा पद्धतीकडे लक्ष द्यावे. मैदा 150 ग्रॅम म्हणजे 8 रुपये, कोको पावडर 30 ग्रॅम म्हणजे 24, कंडेन्स्ड मिल्क 200 ग्रॅम म्हणजे 75, लोणी 75 ग्रॅम म्हणजे 45, आणि साखर, दूध, बेकिंग पावडर, सोडा व इसेन्स मिळून 18. असा स्पंज 170 रुपयांना पडतो. व्हिप क्रीम 400 ग्रॅमचे 104 आणि डार्क कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचे चॉकलेट) 150 ग्रॅमचे 60 धरले की 334 होतात. फॉन्डंट 250 ग्रॅमचे 90 आणि खाण्याचे रंग, काड्या, बटर पेपर यांचे 26 मिळवले की 450. बोर्ड, उंच डबा, रिबीन, मेणबत्ती आणि सुरी यांचे 110 धरून एकूण 560 रुपये होतात.

यात दहा टक्के नासधूस धरावी, म्हणजे आणखी 56. उरलेले क्रीम, फुटलेला जिराफ, न फुगलेला स्पंज हे सगळे यातूनच भागवायचे असते. एखादा स्पंज बसला म्हणून त्या ग्राहकाकडून वेगळे पैसे मागता येत नाहीत. बेरीज झाली 616.

वीज, भांडी आणि बाकीचे न दिसणारे खर्च

1600 वॉटचा ओव्हन तासभर चालला तर जास्तीत जास्त 1.6 युनिट वीज लागते. थर्मोस्टॅट अधूनमधून बंद होत असल्याने प्रत्यक्षात ती कमीच लागते. ओव्हन, फ्रीज आणि बीटर मिळून 30 रुपये पुरेसे आहेत. ओव्हन, बीटर, टर्न टेबल, टिन आणि नोझल यांवर 24,000 रुपये घातले असतील आणि ते चार वर्षे चालतील असे मानले, तर महिन्याला 500 रुपये झिजतात. महिन्याला दहा केक होत असतील तर प्रत्येक केकवर 50 रुपये पडतात. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, 2006 घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही लागू होतो, त्यामुळे नोंदणी करून घ्यावी, मिळालेला 14 अंकी क्रमांक डब्याच्या लेबलवर लिहावा आणि नोंदणीचे शुल्कही याच खात्यात धरावे.

बेरीज आणि तिने दाखवलेले सत्य

साहित्य 616, वीज 30, भांड्यांची झीज 50, म्हणजे खिशातून जाणारे 696. आता वेळ: प्राणी तीन तास, स्पंजची तयारी एक तास, थर लावणे, क्रम्ब कोट (चुरा बसवणारा क्रीमचा पहिला पातळ थर) आणि फिनिशिंग दीड तास, खरेदी, बोलणे, भांडी आणि पॅकिंग दीड तास. एकूण सात तासांचे 1050 रुपये. दोन्ही मिळून 1746. त्यावर पंधरा टक्के, म्हणजे 262 रुपये, धंद्याचा नफा म्हणून ठेवावेत. मजुरी आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या महिन्यात ऑर्डर नसतात तो महिना, नवे टिन, चवीसाठी करून पाहिलेले केक आणि एखादा वर्ग, हे सगळे नफ्यातून चालते. एकूण 2008, म्हणजे ग्राहकाला सांगायचे 2000.

हाच केक ‘किलोला 900’ या दराने दिला असता, तर 696 वजा जाऊन हातात 204 रुपये राहिले असते आणि सात तासांनी भागले की तासाला 29 रुपये पडले असते. मी ही वजाबाकी स्वतःच्या वहीत केली त्या दिवशीच किलोचा भाव सांगणे थांबवले.

अर्ध्या किलोची किंमत निम्मी नसते

ग्राहक सर्वांत जास्त येथेच नाराज होतात, म्हणून हे आधीच समजावून सांगावे. वरचाच केक अर्धा किलोचा केला तर स्पंज, क्रीम आणि चॉकलेट 334 वरून 167 वर येतात, डबा थोडा स्वस्त पडतो, पण हत्ती, सिंह आणि जिराफ तितकेच राहतात. वेळ फार तर अर्ध्या तासाने कमी होतो. सगळा हिशेब पुन्हा केला की किंमत 1680 च्या आसपास येते. ‘वजन निम्मे झाले आहे, प्राणी निम्मे झालेले नाहीत’ एवढे एक वाक्य सांगितले की बहुतेकांना ते पटते, आणि बरेच जण मग एक किलोच घेतात.

उलट बाजूने, टिनचा आकार फसवतो. सहा इंची गोल टिनवरून आठ इंचीवर गेले की आकारमान तिसऱ्या हिश्शाने वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात उंची तीच ठेवली तरी ते जवळजवळ पावणेदोन पट होते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. ‘दोनच इंच तर वाढवायचे आहेत’ म्हणून जुन्याच किमतीत होकार देऊ नये.

किंमत सांगताना

ग्राहक बहुधा इंटरनेटवरचा एखादा फोटो पाठवतात. त्या फोटोतले उंच थर अनेकदा थर्मोकोलचे असतात आणि बाहेरचे आवरण फॉन्डंटचे असते. व्हिप क्रीममध्ये तेवढी उंची आणि तेवढ्या धारदार कडा येत नाहीत, हे ऑर्डर घेण्याआधी सांगावे. मग एकाच कल्पनेच्या दोन-तीन किमती द्याव्यात: सगळे प्राणी हाताने केलेले असतील तर किती, एक हत्ती हाताने आणि बाकी खाण्याच्या कागदावर छापलेली चित्रे असतील तर किती, आणि केवळ पाने व अॅक्रिलिकचा टॉपर लावला तर किती. ‘कोपऱ्यावरच्या बेकरीत निम्म्यात मिळतो’ असे कुणी म्हटले तर वाद घालू नये आणि किंमतही उतरवू नये. किंमत कमी करायची असेल तर काम कमी करावे, म्हणजे ज्याने घासाघीस केली नाही त्या ग्राहकावर अन्याय होत नाही.

नातेवाइकांचा प्रश्न नाजूक असतो. ‘घरचाच केक आहे’ म्हणून जाऊबाईंना किंवा मावशीला निम्म्या किमतीत दिला की देणाऱ्याच्या मनात सल राहतो आणि घेणाऱ्याला तीच खरी किंमत वाटू लागते. माझा नियम असा आहे की ज्यांना द्यावासा वाटतो त्यांना केक पूर्ण भेट म्हणून द्यावा, पैसे मुळीच घेऊ नयेत. बाकी सर्वांना तो पूर्ण किमतीत द्यावा.

ऐनवेळच्या ऑर्डरीसाठी रात्र जागावी लागणार असेल तर त्या तासांचे जादा पैसे मागणे योग्यच आहे. पण ख्रिसमस आला, मागणी वाढली, एवढ्याच कारणाने त्याच केकचा दर वाढवणे मला पटत नाही.

ग्राहकाच्या पैशाचे पूर्ण माप

स्वतःच्या तासांचे पैसे मागणाऱ्याने डब्यात काय आहे ते खरे सांगितलेच पाहिजे. कंपाउंड चॉकलेट वापरून ‘बेल्जियन’ म्हणू नये आणि वनस्पती तेलाच्या व्हिप क्रीमला फ्रेश क्रीम म्हणू नये. केक तोलताना बोर्ड, टॉपर आणि आधाराच्या काड्या वजनातून वजा कराव्यात, आणि फॉन्डंटचे प्राणी वजनात धरले आहेत की वेगळे आहेत तेही सांगावे. ज्या बीटरने अंड्याचा केक होतो त्यानेच अंडाविरहित केक होत असेल, तर तसे आधीच सांगावे. अनेक घरांमध्ये हा श्रद्धेचा विषय असतो.

आगाऊ रक्कम आणि पोहोच

तारीख पक्की करताना निम्मी रक्कम घ्यावी. फॉन्डंटचे प्राणी दोन-तीन दिवस आधी करून वाळवावे लागतात, त्यामुळे ते तयार झाल्यावर डिझाइन बदलले किंवा ऑर्डर रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, हे लेखी कळवावे. तारीख, वेळ, वजन, चव, अंडे चालते की नाही, केकवर लिहायचे नाव आणि ठरलेली किंमत हे सगळे एकाच व्हॉट्सअॅप संदेशात लिहून ग्राहकाकडून ‘हो’ घ्यावे. नाव त्यांच्याकडूनच टाइप करून घ्यावे, म्हणजे ‘श्रेया’ची ‘श्रिया’ होत नाही. पोहोचवण्याचा खर्च केकमध्ये लपवू नये. दुमजली केक दुचाकीवर नेता येत नाही, आणि मे महिन्यात व्हिप क्रीमला एसी लावलेली गाडीच लागते. ते भाडे जेवढे होईल तेवढे वेगळे घ्यावे, आणि ग्राहकाला स्वतः येऊन केक नेता येत असेल तर तो पर्याय आधी द्यावा.

तक्ता दर तीन महिन्यांनी पाहावा

घाना आणि आयव्हरी कोस्ट येथील पीक घटल्यामुळे कोकोचा भाव डिसेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात टनाला 12,000 डॉलरच्या वर गेला होता. ज्यांनी ग्रॅमचा तक्ता ठेवला होता त्यांना त्या काळात एका चॉकलेट केकमागे नेमके किती रुपये वाढवायचे ते सांगता आले. भाव उतरले की किंमतही तेवढीच उतरवावी. जुन्या ग्राहकांना नवी किंमत ऑर्डरच्या फोनवर अचानक सांगू नये. महिनाभर आधी तारखेसह कळवावी, आणि त्या तारखेपूर्वी ज्यांची ऑर्डर पक्की झाली आहे त्यांना केक जुन्याच किमतीत द्यावा, मग तो घ्यायला ते दोन महिन्यांनी आले तरी चालेल.