आधी गज, मग मोटर

आमचं रान दौंड तालुक्यात, खडकवासल्याच्या कालव्याखाली. काळी, खोल जमीन. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की विहिरींनाही पाझर लागतो आणि गावभर एकच धोरण, पाणी आलंय ना, मग सोडा! हडपसरला नोकरी करून शनिवारी गावी येणारे आमचे दीर-पुतणे फोनवर विचारतात, "वहिनी, उसाला किती दिवसांनी पाणी?" दिवसांवर मी उत्तर देत नाही. गज घेऊन रानात जा म्हणते.

तीन सुती सळईचा साधारण तीन फुटी तुकडा घ्या, वर आडवी मूठ वेल्डिंग करून घ्या, झाला गज. पाणी दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हाताच्या जोरानं खुपसा, हातोडा नको. ओल असेल तिथवर गज सरकतो, कोरडं लागलं की अडतो. दगडाला अडला तर हाताला कळतंच. वीतभर बाजूला पुन्हा बघा. उसाला दीड-दोन फूट ओल पुरे. कांद्याची मुळं वरच्या वीत-दीड वीत मातीतच, त्याखाली गेलेलं पाणी तुमचा युरियाही सोबत घेऊन जातं.

पुढचं पाणी कधी? वरची माती बघून ठरवू नका, ती उन्हात दुपारपर्यंत पांढरी पडतेच. वीतभर खालची माती काढून मुठीत लाडू वळा. दाबल्यावर चपटा होतोय तर थांबा, भुगा होतोय तर आजच द्या. पण काळ्या रानाला भेगा पडेपर्यंत ताणू नका. मुळं तुटतात, आणि आलेलं पाणी भेगांतून सरळ पाताळात.

ठिबक असेल तर थोडं गणित करा. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. मे महिन्यात भर वाढीतल्या उसाला दिवसाला ८ मिलिमीटर धरले तर ३२,००० लिटर झाले. पाच फुटी सरी आणि ४० सेंटिमीटरवर ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल, तर एकरात साधारण ६,६०० ड्रिपर बसतात, म्हणजे तासाला २६,००० लिटर. सव्वा ते दीड तासात काम झालं. रात्रभर चालवणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडावं.

अर्थात ड्रिपर खरंच चार लिटर देतोय का, हेही बघायला हवं. लिटरची रिकामी बाटली ड्रिपरखाली धरा, पंधरा मिनिटांत भरली पाहिजे. नळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला, दोन्हीकडे मोजा. शेवटची बाटली बरीच रिकामी राहिली तर फिल्टर धुवा, नळ्यांची टोकं सोडून फ्लश करा. कालव्याच्या पाण्यात गाळ आणि शेवाळ असतंच, त्यामुळे आवर्तनाच्या दिवसांत हे जास्त वेळा करावं लागतं.

सगळ्यात जास्त पाणी मात्र ऑटो स्टार्टर वाया घालवतो. रात्री थ्री फेज आली की मोटर आपोआप सुरू, मालक घरात झोपलेला, आणि पाणी शेजाऱ्याच्या बांधावरून ओढ्याला. टायमर लावून घ्या, तो पाण्याच्या मानानं स्वस्तच पडतो.

पाटपाणीच असेल तर सऱ्या लांबलचक ठेवू नका. शेवटाला पाणी पोहोचेपर्यंत सुरुवातीला मुळाखाली मुरत राहतं. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट (वाळलेला पाला) पेटवू नका, सरीत पसरा, ओल टिकते. पाणी कमी असेल तर एकआड एक सरी भिजवा, पुढच्या पाळीला उरलेल्या. जादा पाण्यानं ऊस जोमात दिसतो खरा, पण निचरा नसलेल्या काळ्या रानात क्षार वर येतात. नीरा डाव्या कालव्याखालच्या कितीतरी जमिनी अशाच खारावल्या.

गव्हाचं सोपं आहे, अवस्था पाठ करा. मुकुटमुळं फुटताना पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, कांडी धरताना चाळिशीच्या पुढे, फुलोऱ्यात साठीच्या पुढे आणि दाणा भरताना ऐंशीच्या पुढे. एकच पाणी हाती असेल तर चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास.

कांद्याचं पाणी काढणीआधी दोन-तीन आठवडे तोडा. पातीच्या माना पडायला लागल्या की कुणी कितीही सांगो, दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, जायचं नाही. ओला कांदा साठवणीच्या चाळीत सडतो.