ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागचे लाइट बसवायचेत? आधी अर्थची वायर ओढा

सोयाबीन निघालं की सांवेर रोडवर रात्री ट्रॉल्यांची रांग लागते आणि त्यातल्या कितीतरी ट्रॉल्यांना मागे साधा लाल दिवा पण नसतो. मागच्या हंगामात उज्जैनहून इंदूरला येताना अशीच एक ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसली, गाडीत मुलं झोपलेली, कसाबसा ब्रेक लागला, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. त्यानंतर मामांच्या ट्रॉलीचं वायरिंग मीच केलं. एका दुपारचं काम आहे, तुम्ही पण करू शकता.

सामान जास्त नाही. सात पिनचा प्लग (ट्रॅक्टरला मागे सॉकेट नसेल तर ते पण), दोन टेल लॅम्प, वायर, लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), हीट-श्रिंक ट्यूब (गरम केली की वायरवर आवळून बसणारी नळी), फ्लेक्सिबल पाइप, केबल टाय. इंदूरच्या सियागंज बाजारात सगळं मिळतं. बाकी वायर दीड स्क्वेअर एमएमची पुरे, अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, मात्र अडीचची घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. मग प्लग उघडा, आत पिनांजवळ बारीक आकडे कोरलेले असतात, टॉर्च मारून बघा. 1 डावा इंडिकेटर, पिवळी वायर. 3 अर्थ, पांढरी. 4 उजवा इंडिकेटर, हिरवी. 5 उजवा टेल, तपकिरी. 6 ब्रेक, लाल. 7 डावा टेल, काळी. 2 नंबर निळी, ती फॉग लॅम्पची, रिकामी राहिली तरी चालतं. आकडे बघूनच जोडा, कारण समोरून पाहिलेला प्लग मागून उलटा दिसतो आणि डावं-उजवं हमखास तिथेच बदलतं. जुन्या ट्रॅक्टरवर आधी कोणी हात मारला असेल तर वायरच्या रंगावर अजिबात जाऊ नका, बॅटरी तेवढ्यापुरती जोडून टेस्ट लॅम्पने (करंट आला की पेटणारा तपासणीचा दिवा) एकेक वायर तपासा, मग निगेटिव्ह परत काढा.

आता अर्थचं. बरेच जण अर्थची वायर ओढतच नाहीत, ट्रॉली लोखंडाची आहे, हुकातून मिळेल अर्थ म्हणतात. हुकाला ग्रीस असतं, गंज असतो, रस्त्यावर तो सारखा हलतो, मग कधी अर्थ मिळतो कधी नाही. मामांच्या ट्रॉलीत आधी हेच होतं, डावा इंडिकेटर दिला की दोन्ही टेल मिणमिणायचे, ब्रेक दाबला की सगळंच अर्धवट पेटायचं. करंटला परतीचा रस्ता नसला की तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो, म्हणून असं होतं. तर पांढरी वायर 3 नंबरच्या पिनपासून थेट दोन्ही लॅम्पपर्यंत न्या, आणि एक लग चेसिसला द्या, पण तिथला रंग सरस कागदाने घासून लोखंड चकचकीत दिसेपर्यंत काढा, बोल्ट कसला की वरून पेट्रोलियम जेली लावा.

वायर पाइपात घालून चेसिसच्या आतल्या बाजूने न्या. हायड्रॉलिक ट्रॉली असेल तर वायर वर उचलल्या जाणाऱ्या डाल्यावरून नेऊ नका आणि लॅम्प पण चेसिसलाच बसवा. हुकाजवळ ढील ठेवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, वायर ताणायला नको आणि जमिनीला घासायला पण नको. जोड नुसते पिळून काळी टेप गुंडाळू नका, पहिल्या पावसात हिरवे पडतात. लग दाबा, वर हीट-श्रिंक चढवा.

इंडिकेटर आणि ब्रेकचा बल्ब 21 वॅटचा, टेलचा 5 वॅटचा. 12 व्होल्टवर 21 वॅटचा एक बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, त्यामुळे ट्रॉली जोडल्यावर इंडिकेटर नीट लुकलुकत नसेल तर फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) जास्त लोडचा टाका. फ्यूज उडाला तर मोठा फ्यूज घालू नका, वायर कुठे सोलली आहे ते शोधा.

शेवटी बॅटरी जोडा, एकाला सीटवर बसवा आणि तुम्ही मागे उभे राहा. टेल, ब्रेक, डावा, उजवा, आधी एकेक, मग टेल चालू ठेवून ब्रेक आणि इंडिकेटर एकदम. रात्री पन्नास पावलं मागे जाऊन परत एकदा बघा. लाल रिफ्लेक्टर पण लावून टाका, बल्ब गेला तरी तेवढं दिसतं. आणि ट्रॉली सोडली की प्लग लोंबकळत ठेवू नका, तोंड खाली करून अडकवा.