आभासी जगातला खेळ जुगार ठरतो का, हे कसे तपासावे

सेकंड लाइफ किंवा रोब्लॉक्ससारख्या आभासी जगात बक्षिसाचा खेळ मांडण्यापूर्वी तो तेथील नियमांत बसतो का, हे पाहावे लागते. बेळगाव, निपाणी किंवा खानापुरात बसून तो चालवणाऱ्याला त्याशिवाय भारतीय कायदाही पाहावा लागतो. या दोन तपासण्यांची उत्तरे एकच येतील असे गृहीत धरू नये.

समजा, एका मंडळाच्या तरुणांनी सेकंड लाइफमध्ये गणेशोत्सवाची आभासी जत्रा उभारली आणि तीत एक चक्र ठेवले: 20 लिंडेन डॉलर (सेकंड लाइफमधले चलन) भरायचे, चक्र फिरवायचे आणि काटा ज्या आकड्यावर थांबेल तेवढे लिंडेन डॉलर घ्यायचे. येथे तीन गोष्टी तपासाव्यात: खेळणारा काही मोल देतो का, निकाल नशिबावर ठरतो का आणि जिंकल्यास मोलाची वस्तू मिळते का. चक्राच्या बाबतीत तिन्ही उत्तरे 'होय' अशी येतात. लिंडेन डॉलर हे खेळातले चलन असले, तरी ते खऱ्या पैशांनी विकत घेता येते आणि विकून खरे पैसेही काढता येतात; त्यामुळे 'ही नुसती नाणी आहेत' हा बचाव टिकत नाही. असे खेळ सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडेन लॅब या कंपनीने जुलै 2007 मध्येच बंद केले. त्या बंदीत खऱ्या क्रीडा सामन्यांच्या निकालावरील पैजाही धरल्या होत्या, म्हणजे आयपीएलच्या सामन्यावर लिंडेन डॉलर लावणेही त्यात आलेच.

नशिबाऐवजी कौशल्य असेल तर? अशा खेळांना सेकंड लाइफमध्ये 2014 पासून वेगळे धोरण लागू आहे. पैसे भरून खेळायचा आणि पैसे जिंकायचा कौशल्याचा खेळ कंपनीची मंजुरी घेतलेल्या चालकाने, मंजूर झालेला खेळ वापरून, त्यासाठीच राखलेल्या प्रदेशात चालवायचा असतो. या धोरणाच्या व्याख्येतील एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो: खेळण्यासाठी पैसे 'द्यावे लागतात' किंवा 'देता येतात', अशी दोन्ही रूपे तीत धरली आहेत. त्यामुळे यंत्रावर 'देणगी ऐच्छिक' अशी पाटी लावून भागत नाही.

हरणारा कोणीच नसला तरी खेळ सुटतो असे नाही. पैसे टाकल्यावर दरवेळी काहीतरी वस्तू मिळणारी, परंतु कोणती ते आधी न कळणारी गाचा यंत्रे सेकंड लाइफमध्ये अनेक वर्षे राजरोस चालली. सप्टेंबर 2021 पासून त्यांनाही बंदी झाली. कोणत्या रकमेला कोणती वस्तू मिळणार हे आधीच दिसत असेल, तर ती साधी विक्री होय आणि तिला आडकाठी नाही. रोब्लॉक्सवर मात्र नेमके उलटे आढळते: पैसे देऊन मिळणाऱ्या अनिश्चित वस्तूंना तेथे शक्यतेचे प्रमाण आधी जाहीर करण्याच्या अटीवर परवानगी आहे, पण रोबक्स (तेथील चलन) किंवा मोलाच्या वस्तू लावून खेळायच्या पैजा निषिद्ध आहेत. म्हणून एका जगाचा नियम दुसऱ्याला लावू नये.

आता कायद्याकडे. कर्नाटकाने पोलीस कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली होती; तिच्यातील मुख्य तरतुदी उच्च न्यायालयाने 14 फेब्रुवारी 2022 रोजी रद्द केल्या आणि कौशल्याच्या खेळांना वाव मिळाला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने तो भेद पुसून टाकला. परताव्याच्या अपेक्षेने शुल्क किंवा पणाची रक्कम भरून खेळला जाणारा खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो या कायद्याच्या दृष्टीने 'पैशांचा खेळ' ठरतो, आणि पैसे देऊन घेतलेली आभासी नाणी किंवा टोकनेही पणाला लावलेली रक्कम मानली जातात. खेळ पुरवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. महाराष्ट्रातल्या कागलला लॉटरीचे तिकीट मिळते आणि कोगनोळी नाक्याच्या अलीकडे, म्हणजे कर्नाटकात, मिळत नाही, तसला फरक येथे नाही. हा कायदा सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे.

म्हणूनच गल्लीतील मुले बीजीएमआय या मोबाइलवरील लढाईच्या खेळाची कस्टम रूम (आपापसातला खासगी सामना) काढून प्रत्येकी 50 रुपये गोळा करतात आणि पहिल्या येणाऱ्याला रक्कम देतात, तो प्रकार माझ्या मते सर्वांत धोक्याचा आहे. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धात्मक व्हिडिओ खेळांना, कायद्यात सूट आहे हे खरे, परंतु ती मान्यताप्राप्त व नोंदणीकृत खेळांसाठी आहे. 'आम्ही टूर्नामेंट घेतो' एवढ्याने ती लागू होत नाही.

मंडळाच्या चक्राला मात्र मार्ग आहे. चक्राच्या स्क्रिप्टमधून (ते चालवणाऱ्या संगणकीय आज्ञांतून) पैसे स्वीकारण्याची सोयच काढून टाकावी, फिरवणे सर्वांना मोफत ठेवावे आणि बक्षीस म्हणून पुन्हा विकता न येणारी वस्तू, उदाहरणार्थ अवतारासाठी (खेळणाऱ्याच्या आभासी रूपासाठी) फेटा, द्यावी. वर्गणीची पेटी हवीच असेल तर ती मंडपाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावी, आणि वर्गणी देणाऱ्याला चक्राची एकही जादा फेरी देऊ नये.