जपानी मेपलची पाने करपली तेव्हा

न्यू जर्सीतील आमच्या अंगणात पश्चिमेला लावलेल्या दोन वर्षांच्या जपानी मेपलची पाने जुलैत कडेने करपू लागली, तेव्हा मला पहिला संशय बुरशीचा आला. पण वाळलेली फांदी तिरकी कापून पाहिली असता आतल्या लाकडात बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगाच्या हिरवट-काळसर रेषा नव्हत्या. शिवाय करपा टोकांकडून आत सरकत होता, शिरांलगतचा भाग हिरवाच होता आणि दुपारचे ऊन झेलणारी बाजूच जास्त होरपळली होती. म्हणजे मुळे पुरवतात त्याहून अधिक पाणी पाने गमावत होती.

काही पानांवर मात्र बारीक फिकट ठिपकेही होते. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली, तर धुळीच्या कणांसारखे ठिपके चालू लागले: लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी सूक्ष्म कीड! कीटकनाशक मी मुद्दाम टाळले, कारण त्याने कोळ्यांना खाणारे मित्रकीटकही मरतात. दर तीन-चार दिवसांनी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतली, रोज वरवर शिंपडण्याऐवजी आठवड्यातून दोनदा मुळांशी सावकाश, खोलवर पाणी दिले आणि बुंध्यापासून चार बोटे सोडून लाकडाच्या भुशाचे आच्छादन घातले. करपलेली पाने हिरवी झाली नाहीत, पण ऑगस्टअखेर आलेली नवी पालवी कडेपर्यंत निरोगी होती.