उजनी उतरली की पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

उजनी धरणाचा साठा वजा आकड्यात गेला (म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं) आणि पळसदेवचं जुनं मंदिर पाण्याबाहेर आलं की काठावरच्या भिगवणकडे गाड्या सुटतात. पाणी कमी, म्हणजे पक्षी जवळ, असा सरळ हिशोब. होतं उलटं. काठ आत सरकतो आणि टिलवे, तुतवार, चिखल्या हे काठावर चरणारे छोटे पक्षी त्याच्याबरोबर आत सरकतात. मधे उरतो गाळ.

भेगाळलेला गाळ वरून टणक दिसतो, चार पावलं टणक लागतोही. पुढे लोणी. आमच्याबरोबर आलेला एक नवा गडी, गळ्यात कोरी लांब लेन्स, ‘अजून थोडंच’ म्हणत मांडीपर्यंत रुतला. ओढायला गेलेला दुसराही अडकला. शेवटी एका मच्छीमार काकांनी होडीतली फळी आडवी टाकली, दोघांना पोटावर सरकायला लावलं आणि बाहेर काढलं. बूट तिथेच राहिले. थवा तर केव्हाच उडाला होता. जेमतेम पंचवीस ग्रॅमचे ते टिलवे सैबेरियाच्या वाटेसाठी चरबी साठवत असतात. तुमच्या फोटोपायी त्यांना उठवू नका.

मी म्हशींच्या वाटेनं जातो, काठाच्या बऱ्याच अलीकडे बसतो आणि हलत नाही. पक्षी चरत चरत आपणहून जवळ येतात. पण अर्धा तास गप्प बसणं हल्ली कोणाला जमतं!

दुसरी चूक दर एप्रिलला पक्षीनिरीक्षकांच्या गटावर येते: ‘रेड-नेक्ड स्टिंट (लाल गळ्याचा टिलवा) मिळाला!’ मिळालेला नसतो. आपला छोटा टिलवाच विणीच्या रंगात तांबूस झालेला असतो. गळा बघा. पांढरा असेल, पाठीवर पांढरा व्ही असेल, तर तो छोटा टिलवाच, विषय संपला. टेमिंकचा टिलवा, ही आणखी एक जात, पायांच्या पिवळट रंगावर ओळखायला जाल तर चिखलानं सगळ्यांचेच पाय काळे दिसतात. उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसल्या तर तो टेमिंक. ॲपला विचारण्याआधी एवढं तरी बघा.

नऊनंतर दुर्बीण लावू नका, उष्ण हवेत सगळंच थरथरतं. सूर्य पाठीशी ठेवा.

उघड्या पडलेल्या बेटांवर उतरू नका. नदीसुरय आणि छोटा कंठेरी चिखल्या तिथे जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती खड्यांत दिसत नाहीत. एखादा चिखल्या, अंड्यांवरून तुमचं लक्ष वळवायला, पंख मोडल्यासारखा लंगडायला लागला तर आल्या पावली मागे फिरा, फोटो न काढता.